‘रेवती निम्म्या किमतीत’: कपड्यांना माणसांची नावं देणाऱ्या एका ब्रँडचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या ब्रँडचं आहे. ब्रँडची ओळख इथे दिलेली नाही. माणसांची आणि कपड्यांचीही नावं बदलली आहेत. बदलताना एवढंच पाहिलं की मूळ नावाने जो घोळ घातला, तो नव्या नावानेही घातला असता.

मालकिणी दोघी जावा. थोरल्या जाऊबाई बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या. हिशेब, कापडखरेदी, देणीघेणी त्यांच्याकडे. धाकटी डिझाईन शिकलेली. पॅटर्न, फोटो आणि इन्स्टाग्राम तिच्याकडे. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून, मंगळगिरी सुती कापड आंध्रातून, ब्लॉकप्रिंट राजस्थानातल्या सांगानेर आणि बगरूकडून. एक कटिंग मास्तर, आणि पीसरेटवर, म्हणजे नगामागे मजुरी घेऊन, शिवणाऱ्या उपनगरातल्या काही बायका. विक्री व्हॉट्सॲपवर, प्रदर्शनांत आणि पुढे स्वतःच्या वेबसाइटवर.

पहिला कुर्ता निघाला तेव्हा त्याला नाव नव्हतं. धाकटीची कॉलेजातली मैत्रीण मुक्ता हिने हट्ट धरला की कुर्त्याला दोन्ही बाजूंनी खिसे हवेत, आणि असे हवेत की मोबाइल टाकला तरी कुर्ता एका बाजूला ओढला जाऊ नये. तिच्यासाठी शिवलेला पीस तिने ऑफिसात घातला. मग मेसेज येऊ लागले: ‘मुक्ताने घातलाय तसला आहे का?’ महिन्याभरात त्याचा ‘मुक्ता कुर्ता’ झाला. नाव कुणी ठेवलं नाही, गिऱ्हाइकांनीच पाडलं.

अशी नावं पडणं नवं नाही. कार्डिगन आणि रॅगलन बाही ही क्रिमियाच्या युद्धातल्या दोन ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांच्या नावाची देणगी. आपल्याकडे गांधी टोपी आहे, नेहरू जाकीट आहे, नटीच्या नावाने ओळखला गेलेला साधना कट आहे. खासगी वाहिन्यांवरच्या मालिका घरोघरी पोचल्यावर सराफाच्या दुकानात जाऊन नायिकेच्या नावाचं ‘जान्हवी मंगळसूत्र’ मागणाऱ्या बायका आपण पाहिल्याच. फरक इतकाच की ही नावं लोकांच्या तोंडून वर आली. ब्रँड जेव्हा बसून वर्षाला वीस नावं ठरवतो, तेव्हा ते वेगळंच काम होतं.

धाकटीने तेच सुरू केलं. मुक्तानंतर अनघा, सई, जुई, मैत्रेयी, गौरी, रेवती. फोटोखाली चार ओळी: ‘अनघा सकाळी लवकर उठते. तिला फिके रंग आवडतात.’ लोकांना हे आवडलं. प्रदर्शनात बायका स्टॉलवर येऊन ‘माझ्या नावाचा कुर्ता आहे का’ विचारायच्या आणि असला तर साइझ नसतानाही हातात घेऊन बघायच्या. तिसऱ्या वर्षापर्यंत साठेक नावं झाली.

अडचण

अडचण एका दिवसात उभी राहिली नाही. चार वेगवेगळ्या बाजूंनी ती आली, आणि प्रत्येक वेळी दोघींनी ती सुटी तक्रार समजून मिटवली.

पहिली बाजू कटिंगच्या टेबलावरची. मास्तरांना नावांचा संबंध लागत नव्हता. ‘जुई’ म्हणजे चौकोनी गळा की बोटनेक, हे नावावरून कळायचा मार्ग नाही. ते आपल्या वहीत ‘खिसावाला’, ‘कळीवाला’, ‘लांब पट्टी’ असं लिहायचे. म्हणजे एकाच मालाला दोन नावं: बाहेर एक, आत एक. ऑर्डरचा कागद धाकटीच्या भाषेत यायचा, मास्तर तो मनात आपल्या भाषेत उलटवायचे, आणि दिवाळीच्या गर्दीत तिथेच चूक व्हायची.

त्यात मुक्ता कुर्त्याचं कापड दोनदा बदललं. नवं कापड धुतल्यावर जास्त आटायचं, म्हणून मास्तरांनी मुंढा (बाही जोडायची गोलाई) आणि उंची थोडी वाढवली. योग्यच केलं. पण नाव तेच राहिलं. जुनी गिऱ्हाइकं डोळे झाकून तोच साइझ मागवायची आणि कळवायची की हा आमचा मुक्ता नव्हे. त्यांचं खरंच होतं. कुठला पीस कुठल्या पॅटर्नवरून कापला हे शोधायला ब्रँडकडे काहीच नव्हतं.

दुसरी बाजू लिपीची आणि अर्थाची. वेबसाइट आणि कुरियरचं सॉफ्टवेअर रोमनमध्ये. ‘सई’ तिथे ‘साई’ वाचली जायची. नाशिकच्या एका दुकानदाराने तर पाटीच लावली ‘साई कुर्ता’, आणि शिर्डीला जाणाऱ्या एका गटाने तो पदयात्रेसाठी पांढऱ्यात मिळेल का म्हणून चौकशी केली. यावर दोघी हसल्या. गौरीच्या वेळी हसू आलं नाही. गणपतीच्या आधी ‘गौरी’ नावाचा हिरवा-सोनेरी खणाचा कुर्ता वेबसाइटवर वर आणला होता. तीन-चार जणींनी तो ज्येष्ठागौरींना नेसवायचा तयार पोशाख समजून मागवला. सण दोन दिवसांवर, हातात बायकांचा मीडियम साइझचा कुर्ता. पैसे परत दिले तरी त्या बायका पुन्हा आल्या नाहीत, आणि का याव्यात?

तिसरी बाजू सगळ्यांत बोचरी. ‘रेवती’ हा सैल, घेरदार कुर्ता मोठ्या साइझमध्ये काढला होता. मोठ्या साइझमध्ये तेवढा एकच. त्याखालचा मजकूर ‘रेवतीला आता पोट लपवायची चिंता नाही’ अशा थाटाचा. हंगाम संपल्यावर उरलेल्या मालावर पोस्ट आली: ‘रेवती निम्म्या किमतीत!’ याच नावाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने लिहून कळवलं की मैत्रिणींच्या ग्रुपवर आठवडाभर आपली चेष्टा चालली आहे. खालचे अभिप्राय तिने जोडले होते. ‘रेवती दोन धुण्यांत विटली.’ ‘रेवती फार जाड वाटते.’ ते वाचल्यावर धाकटीने पोस्ट काढली आणि माफी मागितली.

चौथी बाजू एका वाचकाच्या साध्या प्रश्नाने आली: साठ नावांत एकही शबाना, मेरी किंवा मंगल कशी नाही? दोघींनी यादी काढून पाहिली. सगळी नावं एकाच पेठेतल्या शाळेच्या एकाच वर्गातल्या हजेरीपटावरून उचलल्यासारखी होती. शिवणाऱ्या बायकांत मात्र शबाना होती, मंगल होती, दोन रेश्मा होत्या.

कोणते पर्याय होते

थोरल्या जाऊबाईंचं मत पहिल्यापासून एकच: नावं काढा, नंबर लावा. सुरतेच्या बाजारात डिझाईन नंबरावर गाड्यांच्या गाड्या माल हलतो, कुणाचं अडत नाही. त्यांचा दुसरा दाखला लिव्हाइसचा. ५०१ हा मुळात लॉट नंबर, १८९०च्या सुमारापासून चालत आलेला, आणि जगातली सर्वांत ओळखीची जीन्स त्याच आकड्याने विकली जाते. दाखला खरा आहे, पण त्या आकड्यामागे शंभरावर वर्षं आहेत. चार वर्षांच्या ब्रँडच्या ‘के-११२’ला गिऱ्हाईक लक्षात ठेवेल, हे मला तरी पटत नाही.

धाकटीचा पर्याय माणसांऐवजी फुलं, नद्या, नक्षत्रं, राग यांची नावं देण्याचा. हा ऐकायला छान आणि करायला अशक्य. मराठीत यातलं काहीही घ्या, ते कुणा ना कुणा मुलीचं नाव असतंच. जुई फूल आहे, रेवती नक्षत्र आहे, कृष्णा आणि गोदा घराघरांत आहेत. कल्पना अर्ध्या तासात बाद झाली.

तिसरा पर्याय इतिहासाकडे वळण्याचा होता: जिजाऊ, अहिल्या, सावित्री अशी एक खास मालिका. इथे वकिलांना विचारलं गेलं. १९५०च्या बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती व्यापारात वापरायचा प्रश्नच नाही. मालिकेतली तीन नावं तिथे नाहीत. पण कायद्यात बसतं म्हणून शोभतं असं होत नाही. थोरल्या जाऊबाईंनी विचारलं की हंगाम संपल्यावर या मालाचं काय करणार. माहेश्वरी साडीच्या विणकामाला अहिल्याबाईंनी आश्रय दिला, तरी साडी गावाच्या नावाने ओळखली जाते, राणीच्या नव्हे, ही आठवणही त्यांनीच करून दिली.

चौथा पर्याय खऱ्या माणसाशी रीतसर बोलून त्याचं नाव वापरण्याचा. याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे एर्मेस या फ्रेंच कंपनीची बर्किन बॅग. अभिनेत्री जेन बर्किनच्या नावाने ती १९८४मध्ये आली. २०१५मध्ये प्राण्यांच्या हालांबद्दल वाचून बर्किनबाईंनी मगरीच्या कातड्याच्या बॅगेवरून आपलं नाव काढायला सांगितलं. कंपनीने चौकशीचं आश्वासन देऊन त्यांचं समाधान केलं, पण नाव दिलेलं माणूस जिवंत असतं आणि त्याला मतं असतात, हे त्या कंपनीलाही कळलं. आपल्या जावांना हे दूरचं वाटायचं कारण नव्हतं. खऱ्या मुक्ताचा फोटो आणि ‘मुक्ताची गोष्ट’ वेबसाइटवर होती, तोंडी परवानगीवर. मधल्या काळात ती दुसऱ्या एका कपड्याच्या कंपनीत नोकरीला लागली होती आणि फोटो काढायला सांगत होती. फोटो लगेच काढला. नावाचं काय, यावर दोघींचं आणि तिचं एकदा नीट बोलणं झालं आणि नाव ठेवायला तिने लेखी होकार दिला. न देती तर ब्रँडचा सर्वांत खपणारा कुर्ता अडकला असता.

पाचवा पर्याय शिवणाऱ्या बायकांची नावं देण्याचा. धाकटीला तो मनापासून आवडला होता: शबाना, मंगल, रेश्मा, आणि सोबत त्यांचे फोटो. तिने शिलाईच्या खोलीत जाऊन विचारलं. तिथून आलेलं उत्तर सरळ होतं. शिवण उसवली की गिऱ्हाईक आमच्या नावाने ओरडणार. आणि आमचं कौतुकच करायचं असेल ताई, तर पीसरेटचं बघा. रेवतीच्या पत्रात जे होतं तेच या बायकांनी आधीच ओळखलं होतं. हा पर्याय तिथेच संपला. या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय आहे, कारण तो घेण्याआधी ज्यांचं नाव जाणार होतं त्यांना विचारलं गेलं.

उरला तो मधला मार्ग: नाव ठेवायचं, पण त्याच्यावर माल मोजायचं, कापायचं, पाठवायचं ओझं टाकायचं नाही.

काय केलं

आधी नंबर आले. प्रत्येक स्टाइलला एक कोड: कापड, पॅटर्न, पॅटर्नची आवृत्ती, रंग, साइझ. कोड मास्तरांबरोबर बसून ठरवला, त्यांच्या वहीतल्या ‘खिसावाला’, ‘कळीवाला’ या वर्गवारीवरून. मुंढा वा उंची बदलली की आवृत्तीचा आकडा पुढे. कटिंगचा कागद, गठ्ठ्यावरची चिठ्ठी, कुरियरचं लेबल यांवर फक्त कोड. गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या पानावर नाव मोठं आणि त्याखाली कोड. या कामात कंटाळा येईल एवढा वेळ गेला, आणि जुन्या साठ्यावर चिठ्ठ्या लावताना थोरल्या जाऊबाईंनी धाकटीला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग भाषेचे नियम. नाव कधी एकटं येणार नाही. ‘मुक्ता कुर्ता’, ‘अनघा ड्रेस’ असंच. ‘ती सकाळी लवकर उठते’ छापाचा मजकूर बंद; त्याऐवजी कापड, घेर, खिसा, आटण्याचं प्रमाण. हे वाचायला कोरडं झालं, पण साइझ विचारणारे फोन कमी झाले. सवलतीच्या पोस्टमध्ये नावच नाही, फक्त प्रकार: ‘खणाचे कुर्ते सवलतीत’. पाकिटावरच्या लेबलवर वस्तूचं सर्वसाधारण नाव, म्हणजे ‘महिलांचा सुती कुर्ता’, हे लिहिणं पाकीटबंद मालासाठीच्या २०११च्या वैधमापन नियमांनुसार आवश्यकच होतं. आधीच्या काही पाकिटांवर नुसतं ‘जुई, एल’ होतं. ते या निमित्ताने सुधारलं.

नवं नाव निवडताना थोरल्या जाऊबाईंची एक कसोटी लागू झाली. नावापुढे ‘निम्म्या किमतीत’, ‘विटली’ आणि ‘परत पाठवली’ हे शब्द लावून मोठ्याने वाचायचं. ज्या नावाने तोंड वाकडं होईल ते बाद. देवाधर्माची नावं, रोमनमध्ये दोन तऱ्हांनी वाचली जाणारी नावं आणि सध्या प्रसिद्ध असलेल्या नट्यांची नावं यादीतून गेली. शेवटच्या गटाला कारण होतं. ट्रेडमार्क कायदा, १९९९च्या कलम १४नुसार जिवंत व्यक्तीच्या, किंवा अर्जाआधीच्या वीस वर्षांत निधन झालेल्या व्यक्तीच्या नावाशी संबंध सूचित होत असेल तर ट्रेडमार्क निबंधक संमती मागू शकतात. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २०२४मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या प्रकरणात नाव, आवाज, प्रतिमा यांच्या विनापरवानगी व्यापारी वापराला मनाई केल्यानंतर ‘नुसतं पहिलं नाव आहे हो’ एवढ्यावर भागवणं वकिलांना नको होतं. नुसत्या पहिल्या नावावर कुणाचा मक्ता नसतो हे खरं, पण ते नाव आणि त्या नटीसारखी पोज देणारी मॉडेल एकत्र आली की चित्र बदलतं.

ट्रेडमार्कचा अर्ज फक्त ब्रँडच्या नावासाठी केला, कपड्यांच्या २५व्या वर्गात. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती वा लघुउद्योगासाठी एका वर्गाचे ४,५०० रुपये. साठ नावांचे साठ अर्ज हा खर्च कुठल्याच अंगाने परवडणारा नव्हता, आणि ‘मुक्ता’सारखं सर्रास नाव नोंदवून घेता येईल याची खात्री कुणी देईना.

रेवतीचं काय करायचं यावर मात्र दोघींचं वाजलं. धाकटीला नाव बदलून टाकायचं होतं. थोरल्या जाऊबाईंनी ते पत्र पुन्हा वाचायला लावलं. त्यात नावाबरोबर आणखी एक वाक्य होतं, घाईत कुणाच्या लक्षात न आलेलं: मोठ्या साइझच्या बायकांसाठी तुमच्याकडे एकच सैल झबलं का? नाव बदललं असतं तर तक्रार मिटल्यासारखी वाटली असती आणि हा प्रश्न तसाच राहिला असता. शेवटी मुक्ता, अनघा आणि आणखी काही खपणाऱ्या स्टाइल ४एक्सएलपर्यंत काढायचं ठरलं. नुसता घेर वाढवून भागत नाही. मुंढा, बाहीचा दंड, खिशाची जागा सगळं नव्याने बसवावं लागतं. नवे पॅटर्न, प्रत्येक पीसला जास्त कापड. किंमत वेगळी ठेवायची की नाही यावर दोन दिवस गेले. एकच ठेवली, नफा कमी धरून. रेवती नाव गुपचूप निवृत्त झालं.

पीसरेट दिवाळीआधी वाढवला. तो या प्रकरणाचा भाग नव्हता असं थोरल्या जाऊबाई म्हणतात. मला वाटतं, होता.

परिणाम

चुकीचा माल गेल्याच्या तक्रारी पुढच्या हंगामात जवळपास थांबल्या. ‘हा आमचा मुक्ता नव्हे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आता जुन्या चिठ्ठीवरचा आकडा विचारता येतो आणि कुठली आवृत्ती, काय बदललं, हे सांगता येतं. मोठ्या साइझचा मुक्ता अपेक्षेपेक्षा लवकर संपला. पत्र लिहिणाऱ्या बाईंनीही एक घेतला.

थोरल्या जाऊबाईंच्या समाधानासाठी एका प्रदर्शनात दोन नव्या स्टाइल नुसत्या कोडवर ठेवून पाहिल्या. त्या विकल्या गेल्या, पण नंतर मेसेज आले ते ‘ती निळी, गळ्याला पट्टी असलेली’ असे, आणि निळ्या, पट्टीच्या तीन स्टाइल होत्या. कोड कुणी सांगितला नाही. तेव्हापासून नावं काढण्याचा विषय त्यांनी सोडला. उलट बाजूने, घाऊक घेणाऱ्या दुकानदारांना नावाचं काही पडलेलं नाही; ते आपला नंबर चिकटवून विकतात.

गमावलंही काही. फोटोखालच्या गोष्टी वाचायला येणारा एक वर्ग होता, तो पांगला. धाकटीला ती खंत आहे.

काय वेगळं करता आलं असतं

कोड पहिल्या दहा स्टाइल होत्या तेव्हाच लावायला हवा होता. तेव्हा ते एका दुपारचं काम होतं. मुक्ताचा लेखी होकार पहिल्या फोटोआधी घ्यायला हवा होता, मैत्रीण आहे म्हणूनच. सईच्या पाटीवर हसण्याऐवजी यादीतली बाकीची नावं रोमनमध्ये लिहून पाहिली असती तर कदाचित गौरीचाही विचार झाला असता, आणि सणाच्या तोंडावरचा तो प्रसंग टळला असता.

नावांच्या यादीत फक्त एकाच वर्तुळातल्या बायका का, या प्रश्नाला ब्रँडने अजून पुरतं उत्तर दिलेलं नाही. नव्या यादीत दोन-तीन नावं वेगळी आली आहेत. ती कसोटीवर उतरली म्हणून आली की प्रश्न विचारला गेला म्हणून, यावर दोघींचं एकमत नाही. मला स्वतःला यात घाई नको वाटते. ज्या घरांतलं नाव घेता त्या घरांतल्या बायका गिऱ्हाईक म्हणून आधी यायला हव्यात. मुक्ताचं नाव तसंच तर पडलं.

सध्या चर्चा पुरुषांच्या कुर्त्यांची आहे. त्यांना नावं द्यायची का? आयकिया ही स्वीडिश फर्निचर कंपनी १९७९पासून पुस्तकांचं कपाट ‘बिली’ या पुरुषी नावाने विकते आहे, हा धाकटीचा मुद्दा. थोरल्या जाऊबाईंचं म्हणणं, आपल्या घरातले पुरुष दुकानात जाऊन ‘मागच्या वेळचाच द्या’ एवढंच म्हणतात. पहिला लॉट कोडवर निघतो आहे.